स्वस्त आणि स्वस्थ : महाराष्ट्राच्या खेड्यांतील कर्करोगाचा एक इतिहास

राहुरीसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना बोलींचा अभ्यास हा आमच्या अध्यापनातील विशेष जिव्हाळ्याचा भाग असतो. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पासाठी आजारांचे शब्द हा विषय निवडला. मुळेच्या काठावरची चार-पाच गावे फिरून, प्रामुख्याने बायकांशी बोलून, तिने शब्दांची यादी केली होती. ‘अंगावरून जाणे’, ‘पिशवी खाली येणे’, ‘पिशवी खराब होणे’, ‘गाठ धरणे’, ‘आतून कुरतडणे’ असे कितीतरी शब्दप्रयोग तीत होते. ‘कॅन्सर’ हा शब्द मात्र साऱ्या यादीत एकदाच आला होता, आणि तोही डॉक्टरांच्या तोंडचा म्हणून. एरवी बायका ‘तो आजार’ एवढेच म्हणतात, असे तिने टीपेत लिहिले होते. ज्या वाक्यात तो शब्द आला होता ते वाक्य तिच्या आजीचे होते. आजी ऊसतोडीला जात असे. “पिशवी ठिवली तर क्यान्सर व्हईल म्हणले, मंग काढून टाकली.”

आम्ही त्या प्रकल्पाला गुण दिले, बोलीविषयीच्या टिपणांचे कौतुक केले आणि पुढच्या कामाला लागलो. ते वाक्य मात्र मनातून गेले नाही. त्यात भाषेचा जेवढा भाग आहे त्याहून अधिक इतिहासाचा आहे, असे वाटत राहिले. ज्या आजाराच्या भयाने त्या आजीने पिशवी काढून टाकली, तो स्वस्तात, वेळेवर आणि शरीराला इजा न करता कसा ओळखावा, याचे जगाने मान्य केलेले उत्तर तिच्या गावापासून फार दूर सापडलेले नव्हते. राहुरीहून नगर, नगरहून जामखेड, आणि जामखेडची शीव ओलांडली की भूम-परांडा आणि बार्शी. एका दिवसात जाऊन येता येईल अशा या टापूत गेल्या पन्नास वर्षांत जे घडले, त्याची सलग कथा मराठीत क्वचितच सांगितली जाते. ती सांगण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही वैद्यकाचे जाणकार नाही. शब्दांचे आणि इतिहासाचे वाचक म्हणूनच हे लिहीत आहोत.

आधी शब्दाविषयी थोडेसे. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथी’ आणि ‘अर्बुद’ असे दोन शब्द येतात. अर्बुदाचे तिथले वर्णन मंद वेदनेची, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ असे आहे. आपला आजचा ‘कर्करोग’ मात्र ग्रीक परंपरेतल्या खेकड्याचा, लॅटिनमार्गे आलेल्या नावाचा संस्कृत अवतार आहे. अर्बुद हा शब्द पाठ्यपुस्तकात राहिला, कर्करोग वर्तमानपत्रात गेला आणि लोकांच्या तोंडी ‘कॅन्सर’ बसला. या तिन्हीपैकी एकही शब्द ‘अंगावरून जाणे’ या शब्दप्रयोगापर्यंत पोहोचत नाही. आणि रोगाची पहिली खूण तर त्या शब्दप्रयोगातच असते. पाळी नसताना किंवा पाळी गेल्यावर अंगावरून लाल जाणे ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची महत्त्वाची खूण आहे. वैद्यकाचा शब्द आणि बाईचा शब्द यांच्यामधले हे अंतर या साऱ्या इतिहासात पुन:पुन्हा समोर येते.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. या रुग्णालयामागे त्या दु:खाची आठवण होती. तिथे विकृतिशास्त्राचा पाया घालणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव मराठी वाचकाला जेवढे माहीत असायला हवे तेवढे नाही. भारतीय माणसाचा कर्करोग भारतीय राहणीतून समजून घ्यावा लागेल, ही त्यांची दृष्टी होती. १९४५ साली सूर्याबाई या सहकारिणीसह त्यांनी लिहिलेल्या एका निबंधाचा विषय होता वापर, म्हणजे चालीरीती, आणि त्यातून उद्भवणारे कर्करोग. कमरेला वर्षानुवर्षे करकचून आवळलेल्या धोतराच्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, खालच्या ओठात धरलेल्या खैनीच्या जागी होणारा कर्करोग, अशी उदाहरणे त्यात होती. या निबंधाचे महत्त्व त्या काळात किती जणांनी ओळखले असेल कोण जाणे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. रोगाचे कारण जर सवयीत असेल, तर त्याला अडवण्याचा मार्गही सवयीतूनच जातो, आणि त्याला यंत्र लागत नाही.

हे सूत्र पुढे खेड्यांत गेले. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. त्याचा वृत्तांत १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंड उघडायला सांगणे, उजेडात पाहणे, पांढरा वा लाल चट्टा दिसतो का ते नोंदवणे आणि तंबाखू कोणत्या रूपात खाल्ली जाते ते विचारणे, एवढ्यावर हा अभ्यास उभा होता. आपल्या भागातील मिश्रीची सवय या संदर्भात आठवावी. तव्यावर तंबाखू भाजून, जाळून केलेल्या काळ्या भुकटीने दात घासणे हे बाईमाणसाचे ‘व्यसन’ मानलेच गेले नाही. ते दात घासणेच राहिले. पुरुषाच्या विडीवर घरात तक्रार होते, बाईच्या मिश्रीवर होत नाही. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली पुन्हा बंदी आली. कायदा कागदावर आहे आणि पुड्या टपरीवर मिळतात, हे आम्ही सांगायला नको. मिश्री तर घरातल्या तव्यावरच होते. तिथे कोणता कायदा पोहोचणार? तिथे पोहोचू शकते ती शेजारची, विश्वासाची एखादी बाईच.

विश्वासाची ही बाई आमच्याच जिल्ह्यात घडली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आधी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करीत होते. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार गावातच अडवता आले असते, हे तिथे त्यांच्या लक्षात आले. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली जामखेडला त्यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेली, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित वा मागास जातीतील एखादी स्त्री आरोग्यसेविका म्हणून तयार करायची, आणि डॉक्टरने आपल्या ज्ञानातला जेवढा भाग देता येईल तेवढा तिच्या हाती द्यायचा, असे या प्रकल्पाचे मर्म होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्काराहून महत्त्वाची गोष्ट अशी की अक्षर न ओळखणारी स्त्री बाळंतपणातला धोका ओळखू शकते, हे जामखेडने दाखवून दिले. ज्ञान आणि साक्षरता या दोन गोष्टी एक नाहीत, हे आम्हां शिक्षकांना फारसे रुचणारे नाही. पण संतवाङ्मय शिकवणाऱ्याला ते नवीनही वाटू नये.

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये आरोळ्यांच्या बऱ्याच आधी पुण्याची एक मराठी शास्त्रज्ञ जाऊन आली होती. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ, या खानोलकरांच्या विद्यार्थिनी. बाल्टिमोरला त्यांनी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली, तिला न विचारता, ज्या प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या ती हीच. हेला या नावाने त्या पेशी जगभर गेल्या. रणदिव्यांनी मुंबईत परतून पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर काम केले, १९७३ साली भारतीय स्त्री-वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे केले त्याचा उल्लेख मात्र कमी होतो. आमच्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास आणि गावच्या स्त्रियांना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण, या कामात त्या रमल्या. सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहिलेली ही बाई शेवटी खेड्यातल्या बाईकडे आली. याला आम्ही योगायोग मानत नाही. कर्करोगाचा अभ्यास पुरेसा खोलवर केला की तो माणसाच्या ताटापाशी, तव्यापाशी आणि अंगणापाशी येऊन ठेपतो.

आता बार्शीकडे वळू. अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे ३ मे १९८१ रोजी कर्करोगाने निधन झाले. त्यांच्यावर न्यू यॉर्कमध्ये उपचार झाले होते. त्यांच्या नावाचे एक कर्करोग रुग्णालय मात्र भगवंताच्या बार्शीत उभे राहिले. त्यामागे डॉ. भगवान नेने यांचे परिश्रम होते आणि टाटा मेमोरियलचा ग्रामीण प्रकल्प त्याला जोडलेला होता. न्यू यॉर्क आणि बार्शी ही दोन नावे एका स्मारकात अशी शेजारी यावीत, यात या विषयाचा सारा ताण सामावलेला आहे.

बार्शीला १९८७ साली एक काम सुरू झाले, ते वरवर पाहता अगदी रूक्ष होते. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावांत कर्करोगाचा प्रत्येक रुग्ण नोंदवायचा. भारतातील ही पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही. शहरात नोंदवही ठेवणे म्हणजे रुग्णालयांचे कागद गोळा करणे. खेड्यातला रुग्ण तर रुग्णालयात पोहोचतच नव्हता. मग कागद कोठून येणार? म्हणून नोंद घेणारी माणसेच गावोगाव फिरू लागली. पारावर, देवळात, शाळेत सभा घेऊन कोणत्या खुणा दिसल्या तर यावे हे सांगू लागली, आणि संशय आलेल्यांना रुग्णालयात घेऊन येऊ लागली. कस्तुरी जयंत आणि नेने यांनी या अनुभवाचे जे निष्कर्ष पुढे मांडले, ते आम्हांला फार मोलाचे वाटतात. या भागातील स्त्रियांच्या कर्करोगात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता. आणि नुसते गावात जाऊन बोलत राहिल्याने, आधीच्या तुलनेत अधिक स्त्रिया रोगाच्या लवकरच्या पायरीवर दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे त्यांच्या जगण्याचे प्रमाणही सुधारले. कोणतेही नवे औषध आलेले नव्हते. नवे होते ते बोलणे. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द बाजूला ठेवून ‘पिशवीचं तोंड’ असे म्हणता येणे, आणि ‘अंगावरून जातं का’ हे न लाजता विचारता येणे, हीसुद्धा एक वैद्यकीय कृतीच ठरली. मराठीच्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग ओळखण्याचे तंत्र पाश्चात्य देशांत होते. पापानिकोलाऊ यांनी १९४३ साली ट्राउट यांच्यासह मांडलेल्या तपासणीने, म्हणजे आज सर्वत्र ‘पॅप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने, तिकडच्या स्त्रियांचे मृत्यू फार कमी केले. पण तिला प्रयोगशाळा लागते, काचपट्टी वाचणारा तज्ज्ञ लागतो, अहवाल घ्यायला बाईला पुन्हा यावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून संशोधकांनी वेगळी वाट शोधली. सुमारे चार टक्क्यांचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या शिरक्यातले आम्ल, कापसाने पिशवीच्या तोंडाला लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे. बिघडू लागलेल्या पेशींची जागा पांढरी दिसते. निकाल तिथल्या तिथे मिळतो आणि पुढचा उपचारही लगेच ठरवता येतो.

हे काम डॉक्टरांवाचून होईल का, हा खरा प्रश्न होता. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ साली डॉ. सुरेंद्र शास्त्री, डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक मुली व स्त्रिया. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०१३ साली जाहीर झाला आणि पुढच्या वर्षी छापून आला. याच प्रकल्पात हाताने केलेल्या स्तनतपासणीचाही अभ्यास झाला. त्याचे वीस वर्षांचे फलित २०२१ साली आले : पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. जे सिद्ध झाले नाही तेही तितक्याच स्वच्छपणे सांगणे हे या संशोधनाचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

तिकडे तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ ते २००३ या काळात आणखी मोठे काम झाले. ल्योंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे नेने आणि मुंबईचे शास्त्री यांनी ४९७ गावांतील, ३० ते ५९ या वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. एका गटाला आम्लाची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला एचपीव्ही या विषाणूची चाचणी, आणि चौथ्याला नेहमीचेच जीवन, म्हणजे तपासणी नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा होता : विषाणूची चाचणी आयुष्यात केवळ एकदा झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. एकदाच केलेल्या आम्लाच्या तपासणीने किंवा पॅपने मात्र मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मुंबईत लाभ दिसला तो दर दोन वर्षांनी पुन:पुन्हा पाहिल्यामुळे. विषाणू-चाचणी निर्दोष आलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण इतर दोन चाचण्यांत निर्दोष ठरलेल्यांच्या सुमारे चतुर्थांश होते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने विषाणू-चाचणीला अग्रक्रम देणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांना आधार देणाऱ्या पुराव्यात भूम, परांडा, कळंब या परिसरातल्या बायांच्या शरीरांची साक्ष आहे. या चाचणीचा नमुना स्त्रीला स्वत:लाही घेता येतो. पडद्याआडच्या त्या टेबलावर झोपावे लागत नाही. लाजेपायी घराबाहेर न पडणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही सोय पैशाच्या सवलतीहून मोठी आहे.

इथे थांबून एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. तो चौथा गट. ज्या आजाराची तपासणी जगात अर्धशतकापूर्वीपासून ज्ञात होती, तिच्यावाचून हजारो स्त्रियांना नुसते न्याहाळत राहणे न्याय्य होते काय, असा आक्षेप अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी घेतला आणि वैद्यकीय नीतीच्या भारतीय नियतकालिकात त्यावर वाद झाला. भारतात तेव्हा तपासणीची सार्वत्रिक सोय नव्हतीच, तेव्हा त्या स्त्रियांना जे इतरांना मिळत होते तेच मिळाले, असा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद होता. युक्तिवाद तर्काला धरून आहे. पण तो वाचल्यावर मन शांत होत नाही. ‘काहीच नाही’ ही जिथे रूढ उपचारपद्धती आहे, तिथे काहीच न देणे हा अन्याय ठरत नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमच्या मते या वादाचा निवाडा अभ्यासाच्या आत होऊ शकत नाही, तो अभ्यासानंतर होतो. त्या ६४ जणींच्या मृत्यूतून जे ज्ञान मिळाले ते त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोहोचले, तर त्याला काही अर्थ आहे. न पोहोचल्यास त्या अभ्यासाचे ऋण फिटलेले नाही.

पोहोचले काय? केंद्र सरकारने २०१६ साली तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही कर्करोगांच्या तपासणीची कार्यपद्धती जाहीर केली. तीत दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी सुचवलेली आहे. त्यानंतरच्या, २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण देशात १.९ टक्के निघाले. शंभरात दोघीही नाहीत.

आता त्या आजीच्या वाक्याकडे परत येऊ. राहुरी, श्रीरामपूर, राहाता हा साखरेचा पट्टा. दरवर्षी हंगामाला बीडकडून आणि आमच्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला अवजाराचे नाव मिळाले की त्याचे शरीरही अवजार समजले जाते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, खाडा झाला तर दंड असतो, फडात आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांत पाणी नसते. अंगावरून जाऊ लागले की बाई दवाखान्यात जाते. २०१९ साली विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यामागे कारणे अनेक होती, पण ‘नाहीतर कॅन्सर होईल’ हे भय त्यांत वारंवार ऐकू आले. कापूस, उजेड आणि थोडे आम्ल यांनी जिथे शंका फेडता आली असती, तिथे उचल घेऊन, कर्ज काढून अवयवच काढला गेला. पुढे कंबरदुखी, अंगाची आग, हाडांची झीज हे सारे घेऊन पुन्हा फडात. बार्शीच्या नोंदवहीने बोलून भय घालवले होते. इथे बोलूनच भय घातले गेले. शब्द तोच, ‘कॅन्सर’. फरक तो कोण उच्चारतो आणि कशासाठी, एवढाच.

म्हणून आम्हांला वाटते की ‘स्वस्त’ या शब्दाचा विचार नीट केला पाहिजे. आपल्याकडे स्वस्त म्हणजे हलके, गरिबासाठीचे, नाइलाजाचे अशी समजूत आहे. पिशवी काढणे महाग होते म्हणूनच ते खात्रीचे वाटले. आम्लाचा बोळा फुकट होता म्हणून तो कुणाला औषधासारखा वाटला नसता. परंतु गेल्या काही वर्षांतले महाराष्ट्रातील संशोधन या समजुतीला उभा छेद देते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेपूर्वी स्तनातील गाठीभोवती बधिरतेचे साधे औषध टोचले (दात काढताना टोचतात त्याच जातीचे), तर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. डॉ. राजेंद्र बडवे या चाचणीचे प्रमुख होते. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपासचा. एका चाचणीने सारे ठरत नाही हे खरे. पण औषध स्वस्त आहे म्हणून ती दुर्लक्षिली जाऊ नये. तोंडाच्या व घशाच्या असाध्य अवस्थेतल्या कर्करोगात शिरेतून द्यायच्या औषधाऐवजी पोटात घ्यायच्या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या दिल्या, तर रुग्ण थोडे अधिकच जगतात (मध्यमान ६.१ महिन्यांऐवजी ७.५ महिने), हे २०२० साली मुंबईत ४२२ रुग्णांच्या अभ्यासातून दिसले. आणि लाखोंच्या घरात जाणाऱ्या निव्होलुमॅब या प्रतिकारशक्तीवरच्या औषधाची नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा जोडली तर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर जाते, हे २०२३ साली. यांतील एकही गोष्ट ‘गरिबांसाठी चालेल’ या भावनेने केलेली नाही. नेमके किती लागते, हे कुणीतरी प्रामाणिकपणे मोजून पाहिले, एवढेच.

लसीची हकीकतही अशीच. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी या कर्करोगामागचा विषाणू शोधला आणि २००८ साली त्यांना नोबेल मिळाले. तीन मात्रांची लस महाग म्हणून दोन मात्रा पुरतील का, असा अभ्यास भारतात २००९ साली सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्याची केंद्रे होती. २०१० साली दुसऱ्या एका लसप्रकल्पावरून वादळ उठले आणि सरकारने अशी सारी लसीकरणे थांबवली. त्यामुळे हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. एका मात्रेचेही संरक्षण वर्षानुवर्षे टिकते, हे त्यातून २०२१ सालापर्यंत स्पष्ट झाले, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या भारतीय लसीलाही परवानगी मिळाली. अपुऱ्या राहिलेल्या कामातून जगाचा खर्च कमी करणारे सत्य निघाले.

खर्च केवळ औषधाचा नसतो. परळला जाणाऱ्या खेड्यातल्या रुग्णाला राहायला जागा लागते, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडते. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा अशा कितीतरी कुटुंबांचा आधार झाली आहे. हातात खराटा घेतलेल्या त्या संताला रोगाचे हे अर्थशास्त्र शिकवावे लागले नव्हते. महात्मा फुल्यांच्या नावाच्या राज्याच्या जनआरोग्य योजनेने शस्त्रक्रियेचा व औषधांचा भार पुष्कळ हलका केला. आणि जिथे बरे करणे संपते तिथे वेदना थांबवणे उरते. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली शांती अवेदना आश्रम काढला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला. तोंडाने घ्यायची मॉर्फीनची गोळी ही या प्रवासातली सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने ती मिळणे दुरापास्त झाले आणि कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत किती जण ओरडत गेले असतील, याची नोंदवही कुणी ठेवलेली नाही.

आपल्या वर्तमानपत्रांत ठराविक वाक्य येते : कर्करोगाशी त्यांची झुंज अपयशी ठरली. झुंजीच्या या भाषेत सारी जबाबदारी रोग्यावर पडते. हत्यार हातात दिले होते की नाही, हा प्रश्न ती भाषा विचारू देत नाही. जामखेड, बार्शी, धाराशिव यांच्या इतिहासात झुंज हा शब्द बसत नाही. तिथे आहे ती राखण : शेताची करतात तशी, रोजची, कंटाळवाणी, शेजाऱ्याच्या भरवशावर चालणारी. ती राखण करणारी बाई आज गावोगाव ‘आशा’ म्हणून फिरते आहे. तिच्या पिशवीत काय असावे, याचे उत्तर आपल्याच मातीत शोधले गेले आहे. उत्तर सापडलेले असताना प्रश्न शिल्लक राहणे, ही या इतिहासाची खरी खंत आहे.

त्या विद्यार्थिनीची यादी आमच्या विभागातल्या कपाटात आहे. ‘पिशवी खराब होणे’ या नोंदीपुढे तिने अर्थाच्या रकान्यात लिहिले होते : ‘नक्की अर्थ नाही. बायकांना तो सांगितला जात नाही.’ कोशकाराच्या दृष्टीने ही नोंद अपुरी आहे. पण कोश बाजूला ठेवून पाहिले, तर याहून नेमकी व्याख्या आम्हांला करता येणार नाही.